मामाचा मोवर आणि बावीस अंशांचा उतार

“मराठी विभागासाठी या वेळी काहीतरी टेक्निकल दे,” असं आमच्या संपादिकेने सांगितलं तेव्हा मी चक्क पळ काढला होता. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. माझे ऱ्हस्व-दीर्घ अजून आजोबा तपासतात (हा लेखही त्यांनीच तपासलाय, तेव्हा चुका सापडल्या तर त्यांच्या नावावर!). त्यात मी मेकॅनिकलला, म्हणजे डोक्यातले निम्मे शब्द इंग्रजी. पण मे महिन्यात मामाने एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर शोधताना फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, जे आपण सगळ्यांनी पास होण्यापुरतंच केलेलं असतं, ते मला पहिल्यांदा खरोखर कळलं. म्हणून हा सगळा प्रपंच.

माझा मामा अमेरिकेत, पिट्सबर्ग शहराच्या बाहेर राहतो. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे बारा. दर शनिवारी त्या वेळेला मामाचा फोन ठरलेला. एरवी तो आईशीच बोलतो. त्या दिवशी म्हणाला, “ताई, फोन जरा भाचीबाईंना दे. अगं, तू मेकॅनिकलला ना? मग सांग, बसून चालवायचा लॉन मोवर घ्यायचाय, कोणता घेऊ? आमचं आवार उताराचं आहे.”

मला हसूच आलं. गवत कापायचं यंत्र म्हणजे आपल्या ग्राउंडवर माळीकाका खांद्याला अडकवून फिरवतात ते, एवढीच माझी ओळख. त्यावर बसायचं कुठे? पण अमेरिकेत हे वाहन घरोघरी असतं. १९९४ साली ऍल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे आजोबा आजारी भावाला भेटायला आयोवातून विस्कॉन्सिनला सुमारे २४० मैल असल्याच मोवरवर बसून गेले होते, कारण डोळे अधू झाल्यामुळे त्यांच्याकडे गाडीचं लायसन्स नव्हतं! त्यांच्यावर ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा सिनेमा १९९९ साली निघाला. तोपर्यंत मला वाटत होतं की ही सगळी श्रीमंतांची चैन.

मग मामाने आकडे दिले. त्याचं आवार पाऊण एकर, म्हणजे आपले तीस गुंठे. चौरस फुटांत ३२,६७०. हाताने ढकलायच्या मोवरचं पातं २१ इंचांचं असतं, पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात म्हणून धरू १८ इंच. भागाकार करा. एकदा गवत कापायला साडेसहा किलोमीटरपेक्षा जास्त चालणं होतं, तेही यंत्र ढकलत, चढ-उतारावर, आणि एप्रिल ते ऑक्टोबर जवळजवळ दर आठवड्याला. कापलं नाही तर शेजारी नाक मुरडतात, आणि बऱ्याच गावांत नगरपालिकेची नोटीस येते. मामा आता अठ्ठेचाळीसचा आहे, गुडघा कुरकुरतो. म्हणजे मागणी रास्त होती.

“उतार किती?” मी विचारलं.

“आहे बराच. पिट्सबर्गच ते!”

हे उत्तर इंजिनिअरला चालत नाही. पिट्सबर्ग टेकड्यांवर वसलंय हे खरं. तिथल्या बीचव्ह्यू भागात कँटन ॲव्हेन्यू नावाची एक गल्ली आहे, तिचा चढ ३७ टक्के. म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की ३७ फूट वर. आपल्या खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. दोन्हीकडे आकडा ३७ च, पण केवढा फरक! उताराबद्दल बोलताना नेमका हाच घोळ होतो. कुणी अंशात सांगतं, कुणी टक्क्यांत, आणि दुकानदार नुसताच आकडा सांगतो. १५ अंश म्हणजे २७ टक्के. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. “आमचा मोवर ३५ चा उतार चढतो” असं कुणी म्हटलं तर पहिला प्रश्न विचारायचा, पस्तीस काय?

मी मामाला उतार मोजायला लावला. फोनमध्ये कोन दाखवणारं ॲप असतं, पण फोन वीतभर लांबीचा, गवतातल्या एखाद्या ढेकळावर ठेवला तर ढेकळाचाच उतार दाखवणार. त्यापेक्षा चार फुटांची सरळ फळी घ्यायची. एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, गवंडी वापरतात ती स्पिरिट लेव्हल फळीवर ठेवायची, बुडबुडा मधे येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती इंच भरतात ते मोजायचं. साडेआठ इंच म्हणजे १० अंश, तेराला किंचित कमी म्हणजे १५ अंश, साडेसतरा म्हणजे २० अंश.

पुढच्या शनिवारी आकडे आले. घरापुढे ४ इंच, म्हणजे जेमतेम ५ अंश. घराच्या बाजूला ९ इंच, साडेदहा अंश. आणि घरामागे, जिथे आवार खाली एका ओढ्याकडे उतरतं, तिथे साडेएकोणीस इंच. बावीस अंश!

आता इथे मी जवळजवळ चूक करणार होते. जवळपास सगळ्या बसून चालवायच्या मोवरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका. काहींत तर १० च. मला वाटलं, कंपन्या वकिलांना घाबरून लिहितात. म्हणून गणित मांडलं. मोवर २०० किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ सेंटिमीटर. मामा ८० किलोचा, बसलेल्या मामाचा गुरुत्वमध्य ७८ सेंटिमीटर. (आकडे माझ्या अंदाजाचे, मामाचं वजन मात्र मामीने दिलेलं.) दोघांचा मिळून आला ४७. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ९५, त्याचं निम्मं साडेसत्तेचाळीस. म्हणजे मोवर आडवा उलटायला ४५ अंश लागणार. ४५ कुठे आणि १५ कुठे!

हे आमच्या सरांना दाखवलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पुढचा आस कसा जोडलाय?” मी चित्रं पाहिली. लॉन ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका पिनवर झुलतो, खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकावीत म्हणून. याचा अर्थ, उलटायला लागल्यावर सुरुवातीला पुढची चाकं काहीच आधार देत नाहीत. चार चाकांची दिसणारी गाडी तेवढ्यापुरती तीनचाकी असते! आपल्या रिक्षासारखी. रिक्षा वळणावर का कलंडते हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. आधाराचा आयत जाऊन त्रिकोण झाला की माझे ४५ अंश एकदम ३१ वर येतात. त्यातून वजा करत चला. खालच्या बाजूचं चाक ८ सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की ५ अंश गेले. वरच्या बाजूचं चाक झाडाच्या मुळावर चढलं की अजून ५. दोन मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला दोन मीटरने, म्हणजे नेहमीच्या गवत कापायच्या वेगाने घेतलं की अजून साडेअकरा. उरले साडेनऊ! ही सगळी संकटं एकाच क्षणी येतील असं नाही, पण यायला काही बंदीही नाही. पुस्तिकेतला १५ चा आकडा मला तेव्हापासून उदारच वाटतो.

म्हणूनच लॉन ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवत नाहीत, वर-खाली चालवतात. (हाताने ढकलायचा मोवर बरोबर उलट, आडवा चालवतात, कारण वर-खाली करताना पाय घसरला तर पाय पात्याखाली किंवा यंत्र अंगावर.) उलटण्याचा प्रश्न सुटला असं वाटून मी मामाला सांगणार होते की मागे वर-खाली चालव, सरळ वळणं घे, चढेल तो. इतक्यात मामीचा मेसेज आला, “त्याने तुला सांगितलं नसेलच.”

नव्हतंच सांगितलं. झालं होतं असं की एप्रिलमध्ये शेजाऱ्याने मामाला आपला झीरो-टर्न मोवर वापरून बघायला दिला होता. झीरो-टर्न म्हणजे स्टिअरिंगऐवजी दोन दांडे. मागच्या दोन चाकांना वेगवेगळी ताकद, एक चाक पुढे आणि एक मागे फिरवलं की गाडी जागच्या जागी भोवरा. पुढची दोन चाकं नुसती ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी. सपाट जागेवर याच्यासारखं सुख नाही. मामा मागचा उतार त्यावर सहज चढला, वर जाऊन वळला, आणि खाली यायला लागला तर गाडी थांबेना. सकाळची वेळ, गवतावर दंव. दांडे मागे ओढले तर चाकं उलटी फिरायला लागली पण गाडी घसरतच राहिली, तिरकी होत गेली, आणि ओढ्याच्या अलीकडच्या कुंपणाच्या खांबाला अडकून थांबली. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. माझी आठ वर्षांची मामेबहीण शेजारी उभी होती.

“पण चढला कसा मग सहज?” हा मामाचा मुद्दा. तो म्हणत होता की यंत्रात बिघाड असणार. बिघाड नव्हता. ते गणित मी दोन दिवस करत बसले आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

या गाड्यांना ताकद फक्त मागच्या चाकांना असते आणि ब्रेकही फक्त मागच्याच चाकांना. वजनाचे, समजा, सपाटीवर ६५ टक्के मागच्या चाकांवर आहेत. बावीस अंशांच्या चढावर तोंड वर करून गाडी उभी केली की वजन मागे झुकतं, मागच्या चाकांवर ८१ टक्के येतात. न घसरता चढायला घर्षणगुणांक लागतो ०.५. तीच गाडी, तोच उतार, फक्त तोंड खाली केलं की वजन पुढच्या चाकांवर जातं, ज्यांना ब्रेकच नाही. मागे उरतात ४९ टक्के, आणि थांबून राहायला लागतो ०.८२! चढायला ०.५ आणि थांबायला ०.८२. कोरड्या गवतावरसुद्धा एवढी पकड मिळायची मारामार, दंव पडलेल्या गवतावर तर सोडूनच द्या. म्हणजे उतार चढून गेल्याने काहीही सिद्ध होत नाही. चढणं ही सोपी परीक्षा आहे, आणि ती पास झालेला माणूस मग वरून खाली यायला निघतो. वरच्या हिशोबात मी साधा लॉन ट्रॅक्टर धरलाय. झीरो-टर्नचं तर अजून एक आहे. त्याची मागची चाकंच स्टिअरिंगही करतात. ती घसरली की ताकद, ब्रेक आणि दिशा तिन्ही एकाच क्षणी जातात. लॉन ट्रॅक्टर घसरला तर निदान पुढची चाकं वळवता येतात. (पुढची चाकंही वळवणारे, स्टिअरिंगवाले झीरो-टर्न आता मिळतात, ते साध्यापेक्षा बरे.)

गंमत म्हणजे पुस्तिकांमध्ये याची चाचणी दिलेली असते, फक्त कारण दिलेलं नसतं. “ज्या उतारावर गाडी रिव्हर्समध्ये वर चढवता येत नाही तिथे गवत कापू नका,” अशा अर्थाचं वाक्य असतं. आधी मला ते विचित्र वाटलं. आता बघा, रिव्हर्समध्ये चढताना गाडीचं तोंड कुठे असतं? खाली! म्हणजे वजनाची वाटणी अगदी उतरतानासारखीच, समीकरण तेच, उत्तरही तेच ०.८२. खाली येताना ब्रेक लागेल का हे तळाशी सुरक्षित उभं राहून विचारण्याची ही युक्ती आहे. ज्याने कुणी हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं त्याला माझा सलाम. (चाचणी पाती बंद ठेवून आणि मागे बघून करायची हे वेगळं सांगायला नकोच.)

यानंतर यंत्राची निवड सोपी झाली. साधा झीरो-टर्न बाद. सगळ्यात छोटे, इंजिन सीटमागे असलेले मोवर हलके आणि अरुंद, तेही नकोत. उरले लॉन ट्रॅक्टर आणि त्यांचा थोरला भाऊ गार्डन ट्रॅक्टर, जड सांगाड्याचा, मोठ्या मागच्या चाकांचा. चारही चाकांना ताकद असलेली मॉडेलही असतात, आणि त्यांचं गणित खरोखर वेगळं आहे. बावीस अंशांवर दोन्ही दिशांना फक्त ०.४ लागतो, कारण कुठलंच वजन वाया जात नाही. पण उलटायचा कोन त्याने तसूभरही सुधारत नाही, आणि पकड चांगली म्हणून माणूस नको तिथे जातो, असं मला वाटतं.

दुकानात मामा हॉर्सपॉवर विचारत होता. मी म्हटलं, मामा, हॉर्सपॉवर राहू दे, ट्रान्समिशन कोणतं ते विचार. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन एक पंप फिरवतं, पंपाचं तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पेडल दाबलं की गाडी पळते, सोडलं की आपणहून मंदावते. गिअरच्या गाडीत उतारावर चुकून क्लच दाबला की चाकं मोकळी, म्हणून उतारासाठी हायड्रोस्टॅटिकच. पण स्वस्त मॉडेलमध्ये हे युनिट लहान आणि सीलबंद असतं. तासभर चढ-उतार केला की तेल तापतं, पातळ होतं, पंपातल्या बारीक फटींमधून आतल्या आत निसटतं, आणि गाडीचा जोर जातो. थंड झाली की पुन्हा ठणठणीत, त्यामुळे दुकानदाराला दाखवायला नेली तर काहीच दिसत नाही! बरं, जोर जातो तसा पेडलचा ब्रेकही जातो. तेल बदलता येणारं, जाड आसाचं युनिट महाग असतं, पण पैसे घालायचे तर तिथे. इंजिनातल्या वंगणाचाही प्रश्न असतो. गाडी खूप तिरकी झाली की तेल एका बाजूला साचतं आणि नुसतं तेल उडवून वंगण करणारं इंजिन कोरडं पडू शकतं. पंपाने तेल पुरवणारं असेल तर बरं. मागे गवताची पिशवी लावायचा मोह मात्र टाळायचा, कारण ती भरली की चढावर पुढची चाकं हलकी होऊन वळणंच बंद करतात.

मामेबहिणीला मांडीवर बसून फेरी मारायची होती. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो. ताशी किलोमीटरमध्ये मांडलं तर साधारण ३४७. हा आकडा मी तिलाच फोनवर सांगितला. तिने गूगलवर ट्रेनचे वेग शोधले आणि हट्ट सोडला. मामीने मात्र दुसराच प्रश्न विचारला, “ट्रॅक्टरला असते तशी डोक्यावरची लोखंडी कमान याला नसते का?” शेतीच्या ट्रॅक्टरला स्वीडनने १९५९ पासून ही कमान सक्तीची केली, अमेरिकेत १९७६ पासूनच्या ट्रॅक्टरना नियम आला. घरगुती लॉन ट्रॅक्टरला ती बहुधा नसतेच. आणि कमान असेल तरच पट्टा बांधायचा. ती नसताना पट्टा बांधला तर गाडी उलटताना माणूस तिच्याखाली बांधलेला राहतो.

मामीचं म्हणणं होतं, रोबो घेऊ. हस्कवार्नाचा ४३५एक्स एडब्ल्यूडी नावाचा एक रोबो ७० टक्के उतारावर चालतो म्हणतात. टक्के, बरं का! अंशात ३५. पण तेही मामाच्या उतारापेक्षा जास्तच, आणि उलटला तरी वर कुणी बसलेलं नसतं. मला कल्पना एकदम पटली, पण किंमत ऐकून मामाने विषय बदलला.

शेवटी जूनमध्ये मामाने ४२ इंची पात्याचा लॉन ट्रॅक्टर घेतला, वरच्या दर्जाच्या हायड्रोस्टॅटिकचा, आणि मागच्या चाकांना वजनं लावून घेतली. घराच्या बाजूच्या साडेदहा अंशांवर तो रिव्हर्समध्ये आरामात चढतो. तिथे उतरताना लागतो फक्त ०.३२. आणि मागचा उतार? “एवढे पैसे घालून मागचं कापायचंच नाही?” मामा दोन शनिवार माझ्यावर रुसला होता. मग मीच विचारलं, “मामा, तिथे गवत हवंच आहे का? तिथे कोण क्रिकेट खेळतं?” यावर तो काहीच बोलला नाही, पण मामी बोलली. बावीस अंशांच्या पट्ट्यात आता तिने डे-लिलीचे कंद लावलेत. मधलं तण मामा पायी, खांद्याला अडकवायच्या कटरने, आडवा चालत कापतो. आपल्या माळीकाकांसारखाच.

शेजाऱ्याने गेल्या आठवड्यात मामाकडून चार फुटांची फळी आणि लेव्हल मागून नेली आहे. त्याच्या मागच्या अंगणाचा आकडा या शनिवारी कळेल.